फोलेट, पॉलिअमाइन आणि पेशींची वाढ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात बायोकेमिस्ट्री शिकवते. वर्गात शंका विचारायला पोरं लाजतात, पण लॅबच्या दारात, कपिलतीर्थला भाजी घेताना नाहीतर रंकाळ्यावर फिरताना लोक बरोबर गाठतात. परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही एका ओळीत उरकली आहेत. गोळ्या सुरू करणं, बंद करणं, डोस बदलणं हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. मीही डॉक्टर आहे, पण पीएच.डी.वाली.

फोलेट आणि फॉलिक ॲसिड एकच ना?

एकाच घरातले, पण एक नव्हेत. ब-९ जीवनसत्त्वाची जेवढी रूपं आहेत त्या सगळ्यांचं घराण्याचं नाव फोलेट. पालेभाजी, कडधान्यं, कलेजी यांत ते आपोआप असतं. फॉलिक ॲसिड हे कारखान्यात तयार केलेलं रूप. ते साठवणीत टिकतं आणि आतड्यात जास्त शोषलं जातं, म्हणून गोळीत तेच वापरतात. शरीरात गेल्यावर त्याचं टेट्राहायड्रोफोलेट करावं लागतं, मगच ते कामाला येतं.

नाव लॅटिनमधल्या ‘फोलियम’वरून, म्हणजे पान. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी चार टन पालकावर प्रक्रिया करून ते वेगळं काढलं. लक्ष्मीपुरीतल्या भाजीवाल्या मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, “आणि जुड्या कोण निवडत बसलं?”

फोलेट पेशीत नेमकं करतं काय?

हमाली. स्वतः काही बांधत नाही; एक एक कार्बन अणू इकडून उचलतं आणि तिकडे पोहोचवतं.

आपल्याकडच्या कुठल्याही गावातली सकाळ आठवा. घरोघरी धार काढतात, किटली भरतात आणि डेअरीला दूध घालून येतात. रिकामी किटली घरी येते, संध्याकाळी परत भरते. टेट्राहायड्रोफोलेट ही ती किटली, आणि दुधाच्या जागी एक कार्बन. तो बहुतेक करून सेरीन नावाच्या अमिनो आम्लाकडून मिळतो. भरलेली किटली तीन दारांत रिकामी होते.

पहिलं दार थायमिनचं. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘टी’ बनवायला फोलेटचा कार्बन लागतो. माणसाच्या एका पेशीत डीएनएच्या सुमारे ६४० कोटी जोड्या असतात. पेशी दुभंगायच्या आधी त्या सगळ्यांची नक्कल साधारण आठ तासांत उरकायची असते. त्यासाठी ३५० कोटींहून जास्त ‘टी’ लागतात. दुसरं दार प्युरीनचं, म्हणजे ‘ए’ आणि ‘जी’. त्यांच्या कड्यातले दोन कार्बन फोलेटकडून येतात. तिसरं दार मेथिओनिनचं. तिथे फोलेट होमोसिस्टीनला मेथिल गट (तोच एक कार्बन, तीन हायड्रोजनसह) देतं आणि त्याचं मेथिओनिन होतं. हे तिसरं दार लक्षात ठेवा, पॉलिअमाइनची गोष्ट तिथूनच सुरू होते.

पहिल्या दाराची एक खोड आहे. तिथून किटली रिकामी येते ती खरकटी होऊन, म्हणजे डायहायड्रोफोलेट बनून. ती घासल्याशिवाय परत भरता येत नाही. घासणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) नाव डायहायड्रोफोलेट रिडक्टेज. कर्करोगावरची काही जुनीजाणती औषधं याच मोरीचं पाणी तोडतात.

फोलेट कमी पडलं तर पेशी लहान राहायला हव्यात. रिपोर्टमध्ये तर तांबड्या पेशी मोठ्या दिसतात, ते कसं?

हा प्रश्न एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्या मुलीनं विचारला होता. मला फार आवडतो, कारण वाढणं आणि दुभंगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यातच दडलंय.

अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार होतात. फोलेट नसलं की डीएनएची नक्कल अडते, कारण ‘टी’ पुरत नाही. पण आरएनएला ‘टी’ लागतच नाही, त्यात युरॅसिल असतं. त्यामुळे प्रथिनं बनायचं काम चालूच राहतं. पेशी अंगानं भरत जाते आणि दुभंगायची वेळ आली की केंद्रक तयार नसतं. लग्नाला वऱ्हाड येऊन बसलंय, जेवणावळी चालू आहेत आणि भटजींचाच पत्ता नाही, अशी गत. मग मोठ्या, बेढब, कच्च्या केंद्रकाच्या पेशी दिसतात. त्यांना मेगॅलोब्लास्ट म्हणतात. यातल्या बऱ्याचशा मज्जेतच मरतात. ज्या बाहेर पडतात त्या आकारानं मोठ्या असतात, म्हणून एमसीव्हीचा, म्हणजे तांबड्या पेशीच्या सरासरी आकाराचा, आकडा १०० च्या वर जातो.

आणखी एक घोटाळा होतो. ‘टी’ मिळेना म्हणून पेशी त्या जागी युरॅसिल बसवते. दुरुस्ती करणारी यंत्रणा तो उपटून काढते, पण भरायला ‘टी’ अजूनही नसतो, म्हणून परत युरॅसिलच बसतो. या उपटाउपटीत डीएनएचे धागे तुटतात. फोलेटची कमतरता गुणसूत्रांना इजा करते ती अशी.

फोलेटचा शोध मुंबईत लागला म्हणतात, खरं का?

अर्धाअधिक खरं आहे. लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये भारतात आल्या. मुंबईतल्या गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणात होणारा, मोठ्या पेशींचा रक्तक्षय त्यांनी तपासला. मार्माइट नावाचा यीस्टचा अर्क दिल्यावर बायका बऱ्या होताना दिसल्या. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. अर्कात काय आहे ते माहीत नसल्यामुळे त्या अनोळखी घटकाला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. तेच फोलेट.

१९४५ मध्ये फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत बनलं. ते ज्या अमेरिकी कंपनीत बनलं तिथल्या संशोधनाचे प्रमुख आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. आंध्रातून गेलेला माणूस, पण पाठ्यपुस्तकात एका ओळीपलीकडे सापडत नाही, याचा मला दरवर्षी शिकवताना राग येतो.

पॉलिअमाइन म्हणजे काय? नाव कधी ऐकलं नाही.

वास घेतलाय तुम्ही. मासळी कुजली की येणाऱ्या दर्पात प्युट्रेसिन आणि कॅडाव्हरिन ही जोडगोळी असते. नावंच ‘कुजणे’ आणि ‘प्रेत’ या अर्थाच्या शब्दांवरून पडली आहेत. पण यातलं प्युट्रेसिन आपल्या प्रत्येक जिवंत पेशीत रोज बनतं. त्यापासून स्पर्मिडीन आणि स्पर्मिडीनपासून स्पर्मीन बनतं. पेशीतली मुख्य पॉलिअमाइनं ही तीन. स्पर्मीनचे स्फटिक लेवेनहुकनं १६७८ मध्येच वीर्यात पाहिले होते, नाव त्यावरूनच पडलं.

हे रेणू लहान, लांबट आणि धन भाराचे असतात. डीएनए आणि आरएनए ऋण भाराचे. त्यामुळे पॉलिअमाइन त्यांना जाऊन चिकटतात आणि त्यांची घडी नीट ठेवतात. पेशीतले बरेचसे पॉलिअमाइन आरएनएला बिलगूनच असतात. त्याशिवाय स्पर्मिडीनचं एक काम दुसऱ्या कुणालाच जमत नाही. आयएफ-फाइव्ह-ए नावाच्या प्रथिनातल्या एका लायसिनवर त्याचा तुकडा जोडला जातो आणि हायप्युसीन हे अमिनो आम्ल तयार होतं. शरीरातल्या हजारो प्रथिनांत ही जोडणी या एकाच घराण्यात होते. ती नसेल तर रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवायचं यंत्र, काही ठरावीक ठिकाणी अडखळतो, प्रथिनं नीट बनत नाहीत आणि पेशी वाढायची थांबते.

पेशी ते बनवते कसं?

आर्जिनिन या अमिनो आम्लापासून ऑर्निथिन, आणि ऑर्निथिनपासून प्युट्रेसिन. शेवटच्या पायरीवर ऑर्निथिन डीकार्बॉक्सिलेज हे विकर बसलेलं असतं, थोडक्यात ओडीसी. याच्यासारखं अल्पायुषी विकर क्वचित सापडतं. त्याचं अर्धआयुष्य दहा ते तीस मिनिटं. पॉलिअमाइन वाढले की अँटिझाइम नावाचं प्रथिन तयार होतं, ते ओडीसीला धरतं आणि थेट कचराकुट्टी यंत्रात नेऊन घालतं. इतर प्रथिनांना तिथे जायला युबिक्विटिनची चिठ्ठी लागते, याला तीही नको. ‘वाढ’ असा हुकूम आला की काही तासांत ओडीसी कितीतरी पटींनी वाढतं. मिक हे जनुक तो हुकूम देणाऱ्यांपैकी एक, आणि बऱ्याच कर्करोगांत नेमकं तेच बेलगाम झालेलं असतं.

एवढा बंदोबस्त कशाला? कमी पडलं तर वाढ थांबते आणि जास्त झालं तर विषारी ठरतं, म्हणून.

मग फोलेटचा आणि पॉलिअमाइनचा संबंध कुठे येतो?

आता ते तिसरं दार उघडायचं.

मेथिओनिनपासून पेशी एस-अडेनोसिल मेथिओनिन बनवते. आम्ही लॅबमध्ये त्याला ‘सॅम’ म्हणतो. सॅमचा नेहमीचा उद्योग म्हणजे मेथिल गट वाटणं: डीएनएवर खुणा करायला, क्रिएटिन बनवायला आणि शंभर इतर कामांना. मेथिल दिला की मागे होमोसिस्टीन उरतं आणि फोलेट त्याला नवा मेथिल देऊन पुन्हा मेथिओनिन करतं. बादली रिकामी झाली, परत भरली.

पॉलिअमाइनची वाट निराळी. तिथे सॅमचा मेथिल कुणाला नकोच असतो. हवी असते त्याची शेपटी, म्हणजे तीन कार्बन आणि एक अमिन असलेला तुकडा. प्युट्रेसिनला एक शेपटी जोडली की स्पर्मिडीन, आणखी एक जोडली की स्पर्मीन. म्हणजे एका स्पर्मीनसाठी दोन सॅम खर्ची पडतात. मागे उरतं त्याला एमटीए म्हणतात. इथे बादली रिकामी झालेली नाही, तिची कडीच काढून नेली आहे. नुसतं भरून काय उपयोग?

त्यासाठी पेशीकडे दुरुस्तीचा वेगळा कारखाना आहे. एमटीएपी नावाचं विकर एमटीएचे दोन भाग करतं. अडेनिन परत डीएनएच्या सामानात जातं आणि उरलेल्या भागापासून पाच-सहा पायऱ्यांनी मेथिओनिन पुन्हा उभं राहतं. हा कारखाना उत्तम चालला तर फोलेटवर ताण येत नाही.

पण उपसा फार असेल तर? पंचगंगेवरच्या मोटारी उन्हाळ्यात एकाच वेळी चालू झाल्या की पात्राचं काय होतं ते आपण बघतो. पॉलिअमाइनकडे सॅमचा उपसा वाढला की सॅमची पातळी राखायला फोलेटला तिसऱ्या दारात जास्त फेऱ्या माराव्या लागतात. किटल्या मोजक्याच आहेत. एका दारात जास्त गेल्या तर दुसऱ्या दारात, म्हणजे थायमिन आणि प्युरीनकडे, कमी पोहोचतात.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण प्रोस्टेट. वीर्यात स्पर्मीन सोडायचं त्याचं कामच आहे, त्यामुळे त्याच्या पेशी अखंड पॉलिअमाइन बनवून बाहेर टाकत असतात. अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या (नावाचा अर्थ म्हैस, दुधाच्या उदाहरणाला शोभतंय) रोझवेल पार्क कर्करोग केंद्रातल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं, की ज्या पेशींत पॉलिअमाइनचा ओघ मोठा, त्यांना सॅम आणि डीएनएच्या घटकांचा साठा टिकवायला फोलेटही जास्त लागतं. फोलेट ‘पुरेसं’ आहे की नाही हे म्हणूनच नुसत्या रक्तातल्या आकड्यावरून ठरत नाही. ती पेशी काय धंदा करते हे बघावं लागतं.

तो दुरुस्तीचा कारखानाच बंद असेल तर?

तसं प्रत्यक्षात होतं. नवव्या गुणसूत्रावर एमटीएपीचं जनुक एका महत्त्वाच्या गाठ-रोधक जनुकाच्या शेजारी आहे. कर्करोगात तो शेजारी उडाला की हेही बऱ्याचदा बरोबर जातं, सुक्याबरोबर ओलंही जळतं तसं. साऱ्या कर्करोगांपैकी सुमारे १५ टक्क्यांत एमटीएपी नसतं. अशा पेशीत एमटीए साचतं आणि पीआरएमटी-फाइव्ह नावाच्या विकराला अर्धवट अडवतं. त्या विकराला आणखी थोडं दाबणारी औषधं सध्या चाचण्यांमध्ये आहेत. निरोगी पेशी सुटतात आणि ही सापडते, असा हिशेब.

फोलेटच्या गोळीबरोबर बी-१२ का देतात?

किटलीवर परत येऊ. तिसऱ्या दारात मेथिल उतरवून घेणारं विकर बी-१२ शिवाय चालत नाही. आणि एकदा फोलेटवर मेथिल चढला की तो दुसऱ्या कुठल्याही दारात उतरवता येत नाही, मागेही फिरवता येत नाही. म्हणजे डेअरी बंद आणि गल्लीभर भरलेल्या किटल्या. संध्याकाळची धार काढायला रिकामी किटली नाही. रक्तात फोलेट चांगलं दिसतं आणि पेशी मात्र उपाशी. याला ‘मेथिल सापळा’ म्हणतात.

अशा वेळी बाहेरून भरपूर फॉलिक ॲसिड दिलं तर नव्या किटल्या आल्यामुळे रक्तक्षय सुधारतो आणि सगळ्यांना बरं वाटतं. पण बी-१२ अभावी नसांना होणारी इजा आत चालूच राहते: मुंग्या, पाय बधिर होणं, तोल जाणं. वनस्पतींत बी-१२ नसतं. त्यामुळे दूध-दही फारसं न घेणाऱ्या शाकाहारी घरांत एकट्या फॉलिक ॲसिडवर रक्त सुधारायला बघणं मला बरोबर वाटत नाही. आधी बी-१२ तपासावं.

कर्करोग असताना फोलेट चांगलं की वाईट?

सर्वात जास्त वेळा येणारा आणि एका शब्दात उत्तर न देता येणारा प्रश्न.

निरोगी पेशीला फोलेट कमी पडलं तर डीएनए तुटतो, खुणा चुकतात, म्हणजे कर्करोगाची बीजं पडू शकतात. पण एकदा गाठ तयार झाली की तिलाही दुभंगायला तेच फोलेट हवं असतं. सिडनी फार्बर या अमेरिकी डॉक्टरांच्या लक्षात हे आलं होतं. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांत फोलेटनं आजार उलट भडकतोय असं दिसल्यावर त्यांनी फोलेटविरोधी अमिनोप्टेरिन दिलं आणि १९४८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही मुलांचा आजार काही काळ मागे हटला. केमोथेरपीच्या इतिहासातलं हे पहिल्या पानावरचं पर्व. अमिनोप्टेरिन तयार झालं होतं सुब्बारावांच्याच संशोधन विभागात.

गोळ्यांचं काय? अमेरिकेत आतड्यातल्या गाठी परत येऊ नयेत म्हणून रोज एक मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड देऊन पाहिलं. गाठी थांबल्या नाहीत. उलट २००९ मध्ये आलेल्या विश्लेषणात गोळी घेणाऱ्या पुरुषांत दहा वर्षांत प्रोस्टेट कर्करोगाचा अंदाज ९.७ टक्के निघाला, न घेणाऱ्यांत ३.३ टक्के. प्रोस्टेट आणि फोलेट हे नाव परत आलं, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. पण लगेच घाबरू नका. २०१३ मध्ये अशा चाचण्यांतल्या सुमारे पन्नास हजार लोकांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा एकूण कर्करोगात लक्षणीय वाढ दिसली नाही. माझं मत विचाराल तर जेवणातल्या फोलेटची भीती बाळगू नये, आणि पन्नाशीनंतर कारण नसताना वर्षानुवर्षं गोळी चघळू नये.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे आणि त्याच चिठ्ठीवर फॉलिक ॲसिडही. एक काढायला, एक भरायला?

तसंच. मेथोट्रेक्सेट किटली घासायची मोरी बंद करतं. संधिवातात डोस लहान असतो आणि फॉलिक ॲसिडमुळे तोंड येणं, मळमळ, यकृतावरचा ताण कमी होतो. औषधाचा गुण बहुतांशी टिकून राहतो. एक गोष्ट मात्र ठळक अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा: संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्यामुळे लोक दगावले आहेत.

पॉलिअमाइन रोखणारं औषध आहे का?

आहे, डीएफएमओ, म्हणजेच एफ्लोर्निथिन. ते ओडीसीत जाऊन कायमचं अडकून बसतं. कर्करोगासाठी बनवलं, पण तिथे एकट्यानं फारसं चाललं नाही, कारण पेशी बाहेरून पॉलिअमाइन ओढून घेतात. मात्र आफ्रिकेतल्या निद्रारोगावर ते रामबाण ठरलं आणि १९९० मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्या रोगाच्या परजीवीचं ओडीसी आपल्यासारखं झटपट मोडत नाही, म्हणून एकदा बंद पडलं की नवं यायला वेळ लागतो. पुढे चेहऱ्यावरची नको असलेली लव कमी करायच्या क्रीममध्ये ते आलं. आणि डिसेंबर २०२३ मध्ये लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या मज्जातंतूंच्या कर्करोगासाठी, जास्त धोक्याच्या गटात, उपचारानंतर आजार उलटू नये म्हणून त्याला मान्यता मिळाली. फिरून फिरून भोपळे चौकात.

फॉलिक ॲसिड गरोदर राहिल्यावर सुरू केलं तर चालेल ना?

उशीर होतो. बाळाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती, गर्भधारणेपासून २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली हे कळून, तपासणी होऊन, घरात सांगून होईपर्यंत ते काम संपलेलं असतं. म्हणून मूल हवं असं ठरलं की महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळात ती नीट न मिटल्याचा दोष असेल तर डॉक्टर दहापट, म्हणजे ४ मिलिग्रॅम देतात. १९९१ मध्ये सात देशांतल्या ३३ केंद्रांवरच्या चाचणीत या डोसनं दोष परत येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं होतं. सरकारी दवाखान्यात गरोदरपणात मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती ‘फक्त लोहाची’ नाही.

रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे येतात, त्यांचा याच्याशी संबंध आहे म्हणे?

आहे, कारण ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून साच्यातून दाणे काढतात आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात घालतात. धुताना काही वर तरंगतात, रंगानं जरा वेगळे दिसतात. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी ते वेचून वेचून वाटीभर जमवले होते आणि मला पुरावा म्हणून दाखवले. मी त्यातले चार उकळत्या पाण्यात टाकले. पाच-सात मिनिटांत मऊ पडले, बोटानं चिरडले तर पीठ झालं. काकू म्हणाल्या, “मग आधी सांगायचं न्हवं का, सहा महिने निवडतीय.”

कुठल्या भाज्यांत जास्त, आणि शिजवल्यावर उरतं किती?

पालक, मेथी, राजगिरा, पोकळा, हरभऱ्याचा पाला. शिवाय हरभरा, चवळी, मूग, मटकी, शेंगदाणे. मांसाहारी असाल तर कलेजी. भारतीय शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला ३०० मायक्रोग्रॅम, स्त्रीला २२०, गरोदरपणात ५७०.

फोलेट पाण्यात उतरतं. पालक पाण्यात उकडून पाणी ओतून दिलं की निम्मंअर्धं मोरीत जातं. वाफेवर शिजवला तर फारसं जात नाही. आपलं गरगट्टं यात हुशार निघतं. चाकवत, पालक, चुका, मूठभर डाळ-शेंगदाणे एकत्र शिजवायचे आणि त्याच पाण्यात रवीनं घोटायचे. पाणी ओतून द्यायचा प्रश्नच येत नाही. उष्णतेनं थोडं जातं, पण उतरलेलं ताटातच येतं.

गंगावेशीत कट्ट्यावर समोर धार काढून दूध पितो. त्यात फोलेट असेलच की?

थोडं असतं, दुधाची खरी कमाई बी-१२. शेळीच्या दुधात तर फोलेट फारच कमी, तान्ह्या बाळाला नुसतं त्यावर ठेवू नये. आणि न तापवलेल्या दुधातून ब्रुसेला हा रोगजंतू येऊ शकतो, हे कोल्हापूरकराला सांगायचं धाडस मी फक्त लिहून करते.

आर्जिनिनच्या पावडरीनं पॉलिअमाइन वाढून दंड वाढतील का, असं तालमीतल्या एका पोरानं विचारलंय.

नाही. किती पॉलिअमाइन बनवायचं ते ओडीसी ठरवतं, पावडर नाही. स्नायूचा धागा दुभंगून वाढत नाही, आहे तोच जाड होतो. बैठका मारल्यावर आणि पोटभर खाल्ल्यावर.

स्पर्मिडीनच्या गोळ्यांनी म्हातारपण लांबतं?

यीस्ट, माशी, कृमी यांचं आयुष्य वाढल्याचं २००९ मध्ये दिसलं. पेशी आपली जुनी अडगळ पचवते, ती क्रिया वाढल्यामुळे. माणसांत स्मरणशक्तीवर केलेल्या चाचणीत २०२२ मध्ये फरक आढळला नाही. गव्हाचा अंकुर, सोयाबीन, कडधान्यं, अळंबी यांत स्पर्मिडीन आयतं मिळतं.

पेशी-संवर्धनाच्या प्रोजेक्टमध्ये फोलेट किंवा स्पर्मिडीन कमी-जास्त करून बघायचंय. काय सांभाळावं?

हा विद्यार्थ्यांसाठी, बाकीच्यांनी वाचला नाही तरी चालेल.

नेहमीच्या आरपीएमआय माध्यमात लिटरला एक मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. माणसाच्या रक्तात असतं त्याच्या शंभरपटीच्या आसपास. त्यामुळे त्या माध्यमात ‘फोलेटची कमतरता’ बघायला जाणं म्हणजे रंकाळ्यात उभं राहून दुष्काळाचा सर्व्हे करणं. फोलेटविरहित माध्यम घ्या, सीरम डायलिसिस केलेलं घ्या आणि धीर धरा. पेशींकडे साठा असतो, काही पिढ्या जाईपर्यंत परिणाम दिसत नाही.

स्पर्मिडीनची खोच वेगळी, आणि ती मी चूक करून शिकले. एका विद्यार्थ्याला मीच सांगितलं होतं, की स्पर्मिडीन घाल, पेशी जोमानं वाढतील. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फ्लास्क आणून दाखवला. माध्यम लालबुंद गुलाबी, काल होतं तसंच. वाढत्या पेशी आम्ल सोडतात आणि माध्यम नारिंगी-पिवळं होत जातं. इथे रंग बदललाच नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या पेशी तळ सोडून गोल गोल तरंगत होत्या, साबुदाणा भिजवल्यासारख्या. आठवडाभर आम्ही स्पर्मिडीनच्या बाटलीवर संशय घेतला. दोषी निघालं गाईचं सीरम. त्यात अमाइन ऑक्सिडेज असतं, ते स्पर्मिडीनचं ऑक्सिडेशन करून विषारी अल्डिहाइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं. मेलेल्या पेशी स्पर्मिडीननं मेल्याच नव्हत्या. माध्यमात एक मिलिमोलर अमिनोग्वानिडीन घातलं की ते विकर गप्प बसतं.

तसं करून प्रयोग परत लावला. चौथ्या दिवशी फ्लास्क छान पिवळट नारिंगी झाला. पोरानं त्याचा फोटो काढून आईला व्हॉट्सॲपवर पाठवला. उत्तर आलं, “सरबत कसलं रे हे?”